थेंब सुकण्याआधी

गेल्या एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात पाण्याची बारीक धार वाहत असल्याचा आवाज येत होता. नळ सगळे बंद होते. आवाजाचा माग काढत मी सिंकखाली वाकले, तेव्हा दिसले की आर.ओ.च्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याची पांढरी नळी, जी गेली सहा वर्षे निळ्या बादलीत सोडलेली असायची, ती सासूबाईंनी थेट मोरीच्या जाळीत सोडून दिली होती. निळी बादली धुऊन, पुसून मागच्या ओट्यावर पालथी घातलेली होती. त्या काही बोलल्या नाहीत, मीही काही बोलले नाही. पण ती बादली पालथी का पडली हे आम्हां दोघींनाही ठाऊक होते. आदल्या दिवशी दुपारी गाडीच्या बोनेटकडे बोट दाखवून मी म्हणाले होते, "आई, तुमच्या त्या पाण्यानं गाडीचं वाटोळं झालं."

वाटोळे झालेले नव्हते. पण वाक्य तोंडातून गेले होते.

गाडी गडद निळ्या रंगाची आहे आणि माझ्या नावावर घेतलेली ती पहिलीच गाडी. फेब्रुवारीत तिला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा पारदर्शक संरक्षक थर, करून घेतले. तीन दिवस गाडी दुकानात होती. घरी आली तेव्हा दारासमोरच्या गुलमोहराच्या फांद्या तिच्या छतावर इतक्या स्पष्ट उमटल्या होत्या की पानापानातली फट दिसावी. दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर बोनेटवर पेलाभर पाणी ओतून दाखवले. पाणी पसरलेच नाही. अळूच्या पानावर पडावे तसे त्याचे गोल, टपोरे मणी झाले आणि घरंगळत खाली गेले. "मॅडम, अब बस पानी मारो और भूल जाओ," असे तो आनंदाने म्हणाला आणि मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला. एप्रिलमधल्या त्या रविवारी सासूबाईंनीच आर.ओ.च्या पाण्याच्या दोन बादल्या बाहेर आणून ठेवल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन चढले होते, मी गाडी धुतली, आणि पुसायला कापड हातात घेणार तोच नणंदेचा फोन आला. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले तेव्हा गाडी आपोआप वाळली होती आणि बोनेटभर, छतभर, काचांवरसुद्धा पांढरी वर्तुळे उमटली होती. काही मसुराएवढी, काही वाटाण्याएवढी. प्रत्येकाची कड ठसठशीत आणि मधला भाग धुरकट. ओल्या फडक्याने पुसले तर क्षणभर नाहीशी व्हायची आणि वाळले की पुन्हा वर यायची.

मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर कॅल्शियम बायकार्बोनेटचे समीकरण लिहिते, पाणी तापले किंवा आटले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खाली कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे साधा खडू उरतो, हे सांगते, गीझरच्या कॉइलवर बसणाऱ्या थराचे उदाहरण देते. मुलांना मी हिंदीत 'कठोर जल' म्हणून शिकवते. मराठीत त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, म्हणजे ज्याला नीट फेस येत नाही असे. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो प्रयोगशाळेत घडलेला वाटत नाही. कपडे धुता धुता कंटाळलेल्या कोणा बाईने तो दिला असावा, असे वाटते. आणि तरीही त्या दिवशी बोनेटसमोर उभी असताना मला समीकरण आठवले नाही. आठवली ती फक्त बादली कोणी भरली ही गोष्ट.

संध्याकाळी डोके शांत झाल्यावर टीडीएस मीटर काढला. पाण्यात विरघळलेले क्षार तो लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवतो. आमच्याकडे इंदुरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. उन्हाळ्यात ते पुरत नाही, म्हणून छतावरच्या टाकीत बोरिंगचे पाणी चढवावे लागते, आणि आर.ओ.चे यंत्र त्याच टाकीवर चालते. बोरिंगचे पाणी 780 आले. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी 500 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. म्हणजे आमचे बोरिंग बरेच सभ्य म्हणायचे. प्यायचे पाणी 45. आणि निळ्या बादलीतले 1040. यात आश्चर्य वाटण्याजोगे काहीच नाही. घरगुती यंत्र लिटरभर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकते, आणि शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या तीन लिटरांत जातात. ते पाणी घाण नसते, पण मूळ पाण्यापेक्षा जड असते. आर.ओ.चे वाया जाणारे पाणी गाडी धुवायला वापरा, असा सल्ला आपण सर्रास एकमेकांना देतो. साध्या रंगाच्या, रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीला तो चालूनही जातो.

कोटिंगच्या गाडीला तो चालत नाही, आणि याचे कारण कोटिंगच्या गुणातच आहे. सिलिकेवर आधारलेला हा थर रंगावरच्या पारदर्शक लेपाशी रासायनिक बंधाने जोडला जातो. जाडी म्हणाल तर फार तर एक-दोन मायक्रॉन. त्याखालचा पारदर्शक लेप चाळीस-पन्नास मायक्रॉनचा आणि आपला केस सत्तरच्या आसपास. पाणी या थराला चिकटू पाहत नाही, म्हणून ते थेंब करून उभे राहते. साध्या रंगावर पाणी पसरते आणि त्यातले क्षारही पातळ पसरतात. इथे थेंबातले सगळे क्षार त्याच्या इवल्याशा पायाखाली गोळा होतात. उभ्या दारांवरून थेंब ओघळून जातात, पण बोनेट आणि छत आडवे. तिथे ते उन्हात बसून राहतात. ज्या टपोऱ्या मण्यांवर मी फेब्रुवारीत भाळले होते, तेच एप्रिलमध्ये वर्तुळे काढून गेले. दुकानातले लोक '9 एच' म्हणून जो कणखरपणा सांगतात, तो पेन्सिलीने ओरखडा काढून पाहण्याच्या चाचणीतला असतो; धुळीतल्या वाळूच्या कणापुढे किंवा वाळून बसलेल्या चुन्यापुढे त्याचा आधार घेण्यात अर्थ नाही. कोटिंग केल्याने निगा संपत नाही, तिची जागा बदलते. पूर्वी महत्त्व घासण्याला होते, आता ते पाण्याला आणि पाणी टिपण्याला आले आहे, आणि ही गोष्ट गाडी ताब्यात देताना कोणीतरी सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पाण्याबद्दल सासूबाईंना काही सांगायला जाणे अवघडच. त्यांचे माहेर देवासचे. लग्न होऊन 1973 मध्ये त्या इंदुरात रामबागेतल्या वाड्यात आल्या. तेव्हा नर्मदेचे पाणी शहरात आणावे म्हणून झालेले आंदोलन ताजे होते, पण पाणी यायचे होते. पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात पोचले ते 1978 मध्ये. मधली पाच वर्षे वाड्याच्या आडावर आणि गल्लीतल्या नळावर गेली. पहाटे चारला उठून लावलेल्या रांगेची गोष्ट त्या फारशी सांगत नाहीत. सांगतात ती डाळीची. आडाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायचीच नाही, दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा टणक राहायचा, आणि नव्या सुनेला वाटायचे की आपल्यालाच स्वयंपाक येत नाही. मग जाऊबाईंनी त्यांना हळूच सांगितले की डाळीला नळाचे पाणी वेगळे काढून ठेवायचे. पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते, हे मी त्यांना लग्नानंतर कधीतरी सांगितले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "असेल. पण डाळीला कळायचं ते आम्हाला आधी कळलं होतं." पुढे 1990 च्या उन्हाळ्यात त्यांच्या माहेरच्या गावाला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. सासूबाईंचे वडील तेव्हा हयात होते आणि पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभे होते. हे त्या एकदाच बोलल्या आणि पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

त्या बाईने सहा वर्षे एकही दिवस न चुकता सिंकखालची बादली उचलली होती. कुंड्यांना थोडे, फरशीला थोडे, आणि रविवारी माझ्या गाडीला.

डाग मी त्याच रात्री काढले. उन्हात काढायचे नसतात, पत्रा थंड हवा. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच आर.ओ.चे शुद्ध पाणी घातले, मऊ मायक्रोफायबर कापड त्यात भिजवून पिळले आणि बोनेटचा हातभर तुकडा झाकून ठेवला. मिनिटभराने कापड उचलले तेव्हा वर्तुळांच्या कडा विरघळून गेल्या होत्या. लगेच शुद्ध पाण्याने धुतले, लगेच टिपले, आणि मग शेजारचा तुकडा. पोर्चमधला दिवा तिरपा पाडून बघावे लागत होते, कारण समोरून पाहिले तर सगळे स्वच्छच दिसते. व्हिनेगरच्या वासाने डोळे चुरचुरत होते. अकराच्या सुमारास सासूबाई जाळीच्या दारापर्यंत येऊन गेल्याचे मला पावलांवरून कळले, पण मी वर पाहिले नाही. छतावरची दोन वर्तुळे मात्र गेली नाहीत. तिथे क्षारांनी वरच्या थराला चावा घेतला असावा. ती काढायची तर पॉलिश करावे लागेल, आणि पॉलिश म्हणजे त्या जागचे कोटिंगही जाणार. म्हणून ती तशीच आहेत. ड्रायव्हरच्या बाजूने, सकाळच्या उन्हात, मान वाकडी करून पाहिले तर दिसतात.

त्यानंतर मी धुण्याची पद्धत मुळापासून बसवली. गाडी सकाळी साडेसहाला धुवायची, पत्रा रात्रीचा गार असताना. आधी चाके, त्यांचे कापड आणि त्यांची बादली वेगळी, कारण ब्रेकची भुकटी म्हणजे लोखंडाचे बारीक कणच असतात. मग अंगावर नुसते पाणी सोडायचे, हात न लावता, जेवढी धूळ स्वतःहून उतरेल तेवढी उतरू द्यायची. माळव्याची काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि हात फिरवला की रंगावर बारीक रेघा ओढते. उन्हात किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे ओरखडे बहुधा असे फडक्यानेच आलेले असतात. पहाटे कॉलनीतल्या गाड्या पुसायला येणाऱ्या दादांना मी म्हणूनच हात जोडून सांगितले की पैसे तेवढेच घ्या, पण आमच्या गाडीची फक्त पायपुसणी झटका. एका बादलीत आणि एका फडक्यावर पंधरा गाड्या पुसायच्या म्हटल्यावर त्यांचा काय दोष? रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून परतताना राजवाड्याजवळ गाडीवर गुलाल बसला होता, तेव्हाही हाताने झटकायचा मोह आवरून तो आधी फुंकून आणि मग पाण्यानेच काढला होता. तेवढे तरी मला तेव्हाही माहीत होते.

मग दोन बादल्या: एकीत उदासीन पीएचचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. शाम्पूतला मऊ हातमोजा गाडीच्या एका भागावर सरळ रेषेत फिरवायचा, गोल गोल नाही, मग साध्या पाण्यात जाळीवर घासून माती खाली बसू द्यायची, आणि पुन्हा शाम्पूत. छतापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी. कोटिंग स्वच्छ असले की मोजा जवळजवळ वजन नसल्यासारखा सरकतो, आणि जिथे धुळीचा थर साचला असेल तिथे हाताला किंचित ओढ लागते. ही ओढ ओळखता येणे महत्त्वाचे आहे. थेंब पूर्वीसारखे उभे राहत नाहीत म्हणून कोटिंग संपले, असे लोकांना वाटते. पुष्कळदा ते गेलेले नसते, धुळीच्या आणि क्षारांच्या पापुद्र्याखाली गुदमरलेले असते, आणि नीट धुतले की पुन्हा मोकळे होते. शेवटी जाड, लांब दशांचा टॉवेल बोनेटवर अंथरायचा आणि दोन कोपरे धरून हलकेच ओढायचा. टॉवेल पाणी पितो तेव्हा सुती साडी पायरीवरून ओढत नेल्यासारखा आवाज येतो. आरशांच्या खाचांतून आणि दारांच्या हँडलमागून पुढची पाच मिनिटे पाणी झिरपत राहते, म्हणून तिथे दुसरे लहान कापड घेऊन उभे राहायचे. या टॉवेलांना कपड्यांच्या यंत्रात सुगंधी सॉफ्टनर घालायचा नाही. तो धाग्यांवर थर धरतो आणि मग टॉवेल पाणी पिण्याऐवजी ते पुढे ढकलतो.

प्रश्न उरला तो शेवटच्या पाण्याचा. सगळी गाडी बोरिंगच्या पाण्याने धुतली तरी चालते, जर शेवटची बादली मऊ पाण्याची असेल आणि ती वाळण्याआधी टिपली तर. नर्मदेचे पाणी मीटरवर 210 येते आणि त्याने काम सुरेख होते. पण नर्मदेचे पाणी गाडीवर ओतताना माझा हात थांबतो. ते जलूदहून येते, सत्तर किलोमीटरवरून, नदीच्या पात्रातून माळव्याच्या पठारावर पंपांनी उचलून. त्या पंपांच्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून महापालिकेने 2023 मध्ये हरित रोखे काढून लोकांकडून 244 कोटी रुपये उभे केले आणि जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. स्वच्छतेत हे शहर वर्षानुवर्षे पहिले येते याचा मला अभिमान आहे, आणि त्याच शहरात कडेच्या वस्त्यांत टँकरची वाट पाहणारी माणसे आहेत हेही मी रोज कॉलेजला जाताना बघते. ज्या पाण्यासाठी या गावाने आंदोलन केले, त्याची बादली चमक राहावी म्हणून बोनेटवर ओतायची, हे मला जमले नाही. एकदा केले होते. गाडी फार छान दिसली आणि दिवसभर काहीतरी खुपत राहिले.

उपाय सापडला तो बेडरूमच्या खिडकीखाली. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतलीच वाफ, थंड होऊन पाणी झालेली. त्यात क्षार जवळजवळ नसतात. मीटरवर 14 आले. माळव्याचा एप्रिल कोरडा, त्यामुळे रात्रभरात अर्धी बादलीही भरत नाही, पण आठवडाभर साठवून फडक्यातून गाळले की रविवारची शेवटची बादली होते. त्या रविवारी मी ती बादली बोनेटवर सावकाश ओतली, टॉवेल ओढला, आणि टिपायचा एक कोपरा मुद्दाम तसाच ठेवून तो वाळेपर्यंत थांबले. काहीच उमटले नाही.

त्याच सकाळी मागच्या ओट्यावरून निळी बादली उचलली आणि सिंकखाली ठेवून नळी तिच्यात सोडली. सासूबाई देवपूजेची फुले काढत होत्या.

"राहू दे ग ती," त्या मागे न वळता म्हणाल्या. "डाग पडतात."

"आई, चाकांना लागतं मला ते पाणी. आणि सुरुवातीला धूळ उतरवायला. शेवटी दुसरं घेते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

मला तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत असायला हवे होते, असे मी म्हणाले. आणखीही काही म्हणायला हवे होते, पण शब्द जुळेनात. त्यांनी फुलांची परडी आत नेली. संध्याकाळी पाहिले तर बादली भरलेली होती आणि तिच्याखाली, फरशी ओली होऊ नये म्हणून, जुने पोते घडी करून घातलेले होते.

जूनच्या मध्यावर पाऊस आला. दुपारी चारला आभाळ भरून आले तेव्हा मी सवयीने छताच्या पन्हळीखाली टब ठेवायला धावले. सासूबाईंनी दारातूनच अडवले. "पहिलं पाणी धरायचं नाही. छत धुऊन जाऊ दे आधी." वीस मिनिटे आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. पन्हळीतून आधी चहासारखे पाणी आले, मग गढूळ, मग निवळत गेले. त्यांनी बोटांवर घेऊन पाहिले, दोन बोटे एकमेकांवर घासली, आणि मानेनेच मला खूण केली. मी टब सरकवला. त्यांनी आतून माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ काढून आणले होते. रामबागेच्या वाड्यात पावसाचे पाणी त्या शिकेकाईने केस धुवायला धरीत, कारण त्यात केस चिकट राहत नसत. पाणी भरत असताना त्यांनी हात पुढे केला. "ते तुझं यंत्र दे इकडे."

मी मीटर दिला. त्यांनी चष्मा वर सारून तो घंगाळात बुडवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत धरून ठेवला. "अठरा. नर्मदेचं किती होतं?"

"दोनशे दहा."

"आणि आपल्या बोरिंगचं?"

"सातशे ऐंशी."

त्यांनी मीटर पदराला पुसून मला परत दिला, घंगाळातले पाणी माझ्या बादलीत ओतले, आणि आणखी एखादे पातेले आहे का ते बघायला आत गेल्या.